मागच्या डाव्या चाकाचा आवाज

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून येणारा आवाज मी एकदा स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला घेतला होता, एवढं वाक्य मी नुसतं उच्चारलं की देऊळगाव राजातली माणसं अजूनही खुर्ची पुढे ओढून बसतात. दोघं-तिघं तर घरी फोन करून सांगतात, जेवायला थांबू नका म्हणून.

मी शाळेत भूगोल शिकवतो. सव्वीस वर्षं शिकवतो आहे. जगातली कुठलीही नदी कुठून निघते आणि कुठे जाऊन मिळते हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. गाडीचं मात्र एवढंच माहीत होतं की किल्ली फिरवली की ती सुरू होते, आणि नाही झाली तर उतरून ढकलायची असते.

ही गाडी मी आदल्या वर्षीच्या दसऱ्याला प्रशांतकडून घेतली. प्रशांत म्हणजे माझा साळा, सुनंदाचा पाठचा आणि एकुलता एक भाऊ. चिखलीला असतो. त्याने नवी गाडी घ्यायचं ठरवलं आणि जुनी घरातच राहावी म्हणून मला दिली. देताना बिचारा सगळं समजावून सांगत होता.

"भाऊजी, हे पाहा. स्टेपनी इथं खाली. अन् जॅक-पाना हाये ना, तो डिक्कीत डाव्या बाजूले..."

"अरे," मी त्याला थांबवलं, "भूगोलाच्या मास्तरला दिशा सांगतोस?"

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. (हे हसणं लक्षात ठेवा.)

महिन्याभरातच सिंदखेडराजाच्या रस्त्यावर टायर पंक्चर झालं. डिक्की उघडली. स्टेपनी होती. जॅक नव्हता, पाना नव्हता, साधा पेचकससुद्धा नव्हता! डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, गालिचा उचलून पाहिला. काही नाही. त्या उन्हात माझं डोकं असं तापलं की मी डिक्कीच्या आत एक सणसणीत लाथ घातली. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने दया येऊन चाक बदलून दिलं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट गावोगाव सांगत सुटलो. "साळ्याने गाडी दिली, पण हत्यारं ठेवून घेतली." बारशात सांगितली, वास्तुशांतीत सांगितली, एका तेराव्यालासुद्धा दबक्या आवाजात सांगितली. प्रत्येक वेळी सुनंदाचा चेहरा उतरायचा. "माहा भाऊ तसा नाही," ती म्हणायची. "मग हत्यारं गेली कुठं?" मी विचारायचो. ह्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसायचं, आणि ते नसलेलं उत्तर मी दर वेळी विजयी मुद्रेने ऐकायचो.

त्याच सुमाराला गाडीतून आवाज यायला लागला. खड्डा आला की खडाड! वळण आलं की खडखड, ब्रेक मारला की ठण्ण! मागून, डावीकडून. मी चाकाच्या रोगाचं निदान करून टाकलं, पण इलाज काही केला नाही. आवाजाची सवय झाली. रस्त्यावरची कुत्री मात्र आमची गाडी दिसली की आधीच उठून बाजूला व्हायची.

आणि मग प्रशांतचं लग्न जमलं. मुलगी उंद्रीची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं दसऱ्याला, सकाळी अकरा वाजता, मुलीच्या घरी. सासरे जाऊन चार वर्षं झालेली, त्यामुळे मुलीला कुंकू लावण्याचा, साडी देण्याचा आणि ओटी भरण्याचा मान थोरली बहीण म्हणून सुनंदाचा. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडेच राहत होत्या. त्यांना एस.टी.ची पायरी चढता येत नव्हती.

प्रशांतचा फोन आला. "भाऊजी, आईसाठी इकडून गाडी पाठवू का?"

"कशाला? माझी गाडी काय मेली?" मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "त्या आवाजात मी बसनार नाही, जावईबापू. चाक निखळलं तं नवा गुडघा कुठून आनू?"

मुद्दा बिनतोड होता. मी आमचे नेहमीचे मेकॅनिक सलीमभाई यांच्याकडे गेलो. गॅरेजपुढे बारा गाड्या उभ्या होत्या. "दसऱ्याच्या आत नाही होत, सर," ते गाडीखालूनच म्हणाले. "सबको दसरे के पहले गाडी पाहिजे. तुम्ही दसऱ्यानंतर आणा."

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक हसतमुख माणूस अकरा मिनिटांत मागचं चाक उघडून, साफ करून, परत बसवत होता. "यासाठी तुम्हाला फक्त तीन हत्यारं लागतील," तो म्हणाला. जॅक, पाना आणि हातोडी. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि अंगात एक वेगळीच ताकद आली.

"सुनंदा, नवमीला सुट्टी आहे. मीच करतो."

"काय करता?"

"चाक."

"तुम्ही परवा बल्ब बदलला तं अख्ख्या गल्लीची लाइट गेलती," ती म्हणाली. ते खरं होतं, पण त्यात गल्लीच्या वायरिंगचाही दोष होता.

नवमीला सकाळी नऊ वाजता मी शेजारच्या किसनरावांच्या दारात उभा राहिलो. किसनराव शेतातल्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांच्याकडे ट्रॅक्टरचा जॅक होता आणि आमच्या चाकाला बसेल असा पाना होता. त्यांनी दोन्ही दिलं, पण एक बोट वर केलं.

"सर, बाराच्या आत आनून द्या बरं. बारानंतर मले चालत नाही."

"अकरा मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

चाक निघालं! खरंच निघालं! चार नट मी एका वाटीत नीट ठेवले आणि चाक भिंतीला टेकवून उभं केलं. गल्लीतले तिघं-चौघं थांबून पाहत होते, त्यामुळे मी कपाळावरचा नसलेला घामसुद्धा पुसला. चाकाच्या मागे लोखंडाची एक जड टोपी असते, तिला ड्रम म्हणतात. व्हिडिओतल्या माणसाने तिच्यावर हातोडीने दोन टिचक्या मारल्या होत्या आणि ती हातात आली होती. माझ्याकडे हातोडी नव्हती. मी मोरीतली कपडे धुवायची मोगरी आणली.

टिचकीने काही झालं नाही. फटक्याने काही झालं नाही. मग मी डोळे मिटून, सव्वीस वर्षांचा सगळा राग एकवटून, एक दणका दिला. मोगरीचे दोन तुकडे झाले आणि ड्रम सुटला. मी आत डोकावलो. आत खूप काळी भुकटी होती, दोन अर्धगोल पट्ट्या होत्या आणि एक स्प्रिंग होती. ही स्प्रिंग जरा वाकडी वाटते आहे, असं मला वाटलं. मी तिला बोट लावलं.

सटाक!

स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली, रस्ता ओलांडला आणि किसनरावांनी वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये जाऊन पडली. पडलेली मी पाहिली. कुठे पडली ते मात्र नाही. ताडपत्रीवर पसरलेलं ते सगळं सोयाबीन मी ओंजळी-ओंजळीने चाळलं. बघ्यांपैकी एकाने विचारलं, "सर, काय निवडून राह्यले?" मी म्हणालो, "खडे." तो म्हणाला, "मास्तर लोकाईले लय सुट्ट्या असतात बुवा," आणि निघून गेला.

स्प्रिंग सापडली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी ती वाटीत नटांबरोबर ठेवली, हात झटकले आणि वळलो, तर समोर किसनराव! अंघोळ केलेली, पांढरे कपडे, कपाळाला गंध.

"सर, जॅक."

"अहो किसनराव, अजून चाक बसवायचं आहे! फक्त अर्धा तास!"

"अर्धा तास कायचा? सर, आज खंडेनवमी हाये!"

मी थिजलो. खंडेनवमी! हत्यारांच्या पूजेचा दिवस! भूगोलाच्या नादात मला पंचांगाचा विसर पडला होता. मी हे विसरलो होतो की आजच्या दिवशी आमच्याकडे विळीपासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात आणि एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी पूजा उठवेपर्यंत कुणी त्याला बोट लावत नाही. वर्षभर ज्यांनी काम केलं त्यांना एक दिवस सुट्टी. आणि मी गाडी दुरुस्त करायला नेमका तोच दिवस निवडला होता!

किसनराव वाईट माणूस नव्हे. त्यांनी स्वतः घरामागून जुना दगडी पाटा आणि चार विटा आणल्या, गाडीच्या खाली रचल्या, हळूच जॅक काढला, पाना काढला, धोतराच्या सोग्याने दोन्ही पुसले. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी पूजा उठली का देतो."

"किती वाजता उठते?"

"आमच्याकडं आरती, निवद, मंग शेतात जाऊन येतो. अकरा-साडेअकरा."

अकराला उंद्रीत कुंकू लावायचं होतं.

मी घरात एक शब्द न बोलता स्कूटर काढली. पहिला थांबा हार्डवेअरचं दुकान. विकत घेऊ, त्यात काय! दुकान उघडं होतं आणि मालक आत होते. पण काउंटरवर झेंडूच्या माळा, आणि त्यांच्यामध्ये दुकानातले झाडून सगळे पाने, पकडी, हातोड्या आणि करवती ओळीने मांडलेल्या! प्रत्येकीवर कुंकवाचा टिळा! मी डोळे चोळले.

"अहो, हा तर विक्रीचा माल आहे!"

"म्हणून तं मांडला," मालक शांतपणे म्हणाले. "उद्या या सर. दसऱ्याची बोहनी तुमच्याच हातानं करू. दहा वाजता उघडतो."

दुकानाच्या पायरीवर बसून मला वानखेडे सर आठवले. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतात. बौद्ध माणूस, त्यांच्याकडे खंडेनवमीची पूजा नाही. शिवाय त्यांच्या जीपमध्ये हत्यारांची अशी पेटी असते की तिच्यातून अख्खी जीप नव्याने बांधता येईल! मी आनंदाने फोन लावला.

"सर, तुमची पेटी पाहिजे होती. येऊ का घरी?"

फोनमधून वाऱ्याचा मोठा आवाज आला. "कायची पेटी?"

"हत्यारांची!"

"ती तं जीपमध्येच हाये सर. अन् जीप आता कारंज्याच्या पुढं हाये. आम्ही नागपूरले चाललो ना, दीक्षाभूमीले. दरवर्षी दसऱ्याले जातो, तुम्हाले माहीत नाही का?"

माहीत होतं. सव्वीस वर्षं स्टाफरूममध्ये शेजारी बसतो, माहीत नसायला काय झालं! पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त एक नट आणि एक पाना होता.

"झालं काय?" वानखेडे सरांनी विचारलं.

मी सांगितलं. मग जीपमधल्या सगळ्या माणसांचा एकदम हसण्याचा आवाज आला.

आता एकच आशा उरली होती. सलीमभाई! ही गोष्ट मला आधी का नाही सुचली? सलीमभाईंना खंडेनवमीशी काय घेणंदेणं! मी स्कूटर अशी पळवली की दोन वळणं मला आठवतच नाहीत. गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरलो आणि पुन्हा थिजलो.

जमिनीवर पांढरी शुभ्र चादर अंथरली होती. तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने सगळे पाने, गोटीपाने, पकडी, छन्न्या. रॉकेलने धुतलेले, तेल लावून चमकवलेले. फूल नाही, कुंकू नाही. नुसती स्वच्छ, चमकणारी हत्यारं, आणि शेजारी स्टुलावर चहा पीत बसलेले सलीमभाई.

"सलीमभाई! तुम्हीसुद्धा?"

"पूजा नहीं सर," ते हसले. "माझे उस्ताद रामभाऊ मिस्तरी. लोहार होते. मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो. ते म्हणायचे, सलीम, तू पूजा करू नको, तुझा धरम वेगळा. पण आजच्या दिवशी औजाराले आराम दे. सालभर आपण इनको ठोकतो, एक दिवस इनको सोने दो. तवापासून आजच्या दिवशी मी हात नाही लावत."

"एक पाना फक्त! मी कुणाला सांगणार नाही!"

"सर, सांगायचा सवाल नाही." त्यांनी चादरीवरच्या एका जुन्या, घासून गुळगुळीत झालेल्या पान्याकडे पाहिलं. "हा उस्तादांचा पाना आहे. याले आज उचलला तर माझा हात कापेल."

मला राग येईना. त्या चादरीसमोर राग येणं शक्यच नव्हतं.

मी घरी आलो. म्हटलं, निदान नट हातानेच फिरवून चाक अडकवून तरी ठेवू. बाहेर वाटी नव्हती. स्प्रिंग नव्हती. ड्रमसुद्धा नव्हता!

"सुनंदा! इथली वाटी?"

"देवापुढं," आतून आवाज आला. आवाजात समाधान होतं.

मी देवघरात गेलो आणि दारातच उभा राहिलो. पाटावर लाल कापड. त्यावर विळी, कात्री, माझा पृथ्वीचा गोल (अख्ख्या पृथ्वीला आफ्रिकेच्या जागी कुंकवाचं बोट लावलेलं!), फळ्यावरचा मोठा कंपास आणि मधोमध, चिंच लावून घासलेला, लख्ख चमकणारा, झेंडूची माळ घातलेला आमच्या गाडीचा ड्रम! त्याच्या पोटात तांदळावर चार नट चार दिशांना, आणि मध्ये ती स्प्रिंग, हळदीत बुडालेली!

"हे काय केलंस?"

"काऊन? दरवर्षी बाहेरूनच गाडीले हार घालतो. औंदा पार्ट खोलूनच ठेवलते तुम्ही. म्हटलं चला, बरं झालं, आतूनही पूजा होईन."

"अगं, पण मला ते आत्ता लागतात!"

"आता?" सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण खिशात घालायला निघालो होतो. "मांडलेली पूजा हलवतात का कधी? उद्या सकाळी निवद दाखवला का उठवू. सात वाजता. अन् आठले निघू ना आपण."

मी खाली बसलो. मग मला सगळं सांगावंच लागलं. किसनरावांचा जॅक, हार्डवेअरचं दुकान, वानखेडे सर, सलीमभाईंची चादर. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

सुनंदा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कपाटातून मुलीसाठी घेतलेली हिरवी साडी काढली, उगीचच पुन्हा घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसली. "बाबा असते तं मी गेले नसते तरी चाललं असतं," ती म्हणाली. "आता त्याच्याकडून उभं राहायले कोन हाये? मी एकटी. अन् वर्षभर तुम्ही त्याले चोर म्हनता, अन् उद्या त्याच्या साक्षगंधाले त्याची बहीणच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मी तीन ठिकाणी भाड्याच्या गाडीसाठी विचारलं. दसरा, त्यात आमच्या गावच्या बालाजीची यात्रा. एक गाडी रिकामी नव्हती. प्रशांतला फोन करून गाडी मागवायला जीभ धजेना. मग पापी विचार डोक्यात आला. नट हळूच उचलावेत आणि काहीतरी जुगाड करावं. मी मांजराच्या पावलांनी देवघराकडे गेलो. दारात सासूबाई, ऑपरेशनचा पाय लांब पसरून, पूजेच्या राखणीला!

"काय पायजे, जावईबापू?"

"नमस्कार करायला आलो."

"करा."

मी नमस्कार केला. दहा मिनिटांनी परत गेलो, परत नमस्कार केला. नट चार होते, मी चार नमस्कार करून आलो. पाचव्यांदा सासूबाई म्हणाल्या, "लय भक्ती आली हो आज!" आणि पाय आणखी थोडा पसरला.

संध्याकाळी मी पुन्हा सलीमभाईंकडे गेलो. या वेळी पाना मागितला नाही. नुसती हकीकत सांगितली, साडीची घडीसुद्धा सांगितली. ते म्हणाले, "उद्या फजर की नमाज के बाद येतो. औजार की छुट्टी तब तक खतम. तुम्ही फक्त आता कशाले हात लावू नका, सर. कशालेच."

दसऱ्याच्या सकाळी उजाडताच सलीमभाई आले. चादरीतली हत्यारं चादरीतच गुंडाळून आणली होती. सुनंदाने ठरल्यापेक्षा तासभर आधी नैवेद्य दाखवला, पूजेवर अक्षता टाकल्या आणि पाट हलवला. मग तिने नट मला प्रसादासारखे हातावर दिले. सलीमभाईंनी पिवळाधमक ड्रम पाहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तो फडक्याने पुसून घेतला. वीस मिनिटांत चाक जागेवर! मी त्यांचे हात धरले. सुनंदाच्या चेहऱ्यावर आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा रंग आला.

"एक चक्कर मारून बघू," सलीमभाई म्हणाले.

गाडी निघाली. कोपऱ्यावरचा खड्डा आला.

खडाड!

मी ब्रेक मारला. ठण्ण!

घड्याळात सात वाजून पाच मिनिटं. दारात सासूबाई काठी टेकून उभ्या, सुनंदा साडीची पिशवी घेऊन उभी, आणि दोघींनीही आवाज ऐकलेला!

सलीमभाई मात्र खाली उतरले, डिक्की उघडली आणि आत जाऊन, गुडघे पोटाशी घेऊन, चक्क आडवे झाले. "चलाव, सर!"

मी झाकण अर्धवट उघडं ठेवून गाडी हळूहळू पुढे नेली. गल्लीतली माणसं गॅलरीत आली. खडाड! "रोको!" आतून आवाज आला. मी थांबवून मागे धावलो. सलीमभाई डिक्कीच्या डाव्या बाजूच्या प्लास्टिकच्या भिंतीवर टकटक करत होते. ती भिंत नव्हतीच! ते एक झाकण होतं! त्यांनी नखाने खाच दाबली, झाकण टक्‌कन निघालं आणि आतून लोखंड खणखणत बाहेर पडलं. जॅक. जॅकची दांडी. चाकाचा पाना. आणि मागोमाग एक लाल रेक्झिनची पिशवी, तिचा पट्टा तुटलेला.

"यहाँ किसी ने लाथ मारी क्या, सर?" सलीमभाईंनी विचारलं. "पट्टा तुटला म्हणून वाजतंय सगळं. चाक तो बिलकुल ठीक था."

माझ्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. वर्षभर मी जी हत्यारं शोधत होतो, ज्यांच्यासाठी अख्खं देऊळगाव पालथं घातलं होतं, तीच गाडीत वाजत होती! आणि ज्या चाकात काही बिघाड नव्हता ते मी मोगरीने फोडून काढलं होतं!

सुनंदा पुढे आली. तिने ती लाल पिशवी उचलली आणि उलटी केली. आतून वाळलेली झेंडूची दोन फुलं पडली, आपट्याच्या पानांची एक पिवळी पडलेली जोडी, आणि आतल्या अस्तरावर दिसला पाण्यात भिजून वाळल्यासारखा कुंकवाचा डाग. मागच्या खंडेनवमीला प्रशांतने ही हत्यारं पूजेला मांडली होती, आणि दसऱ्याला गाडी देताना ती फुलांसकट माझ्या डिक्कीत ठेवली होती. डाव्या बाजूला.

सुनंदाने फुलं परत आत टाकली, पिशवी बंद केली आणि मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. साठ-पासष्ट किलोमीटर तिने ती पिशवी खाली ठेवली नाही आणि एक अक्षर बोलली नाही. गाडी मात्र इतकी शांत चालत होती की मागे सासूबाईंचं जप करणंसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं. त्या दिवशी मला तो जुना आवाज परत हवासा वाटला.

उंद्रीत आम्ही सव्वादहाला पोचलो. प्रशांत धावत आला, आईला हात देऊन उतरवलं. "भाऊजी, आई म्हने गाडीत काही आवाज येत होता?"

मांडवात दोन्हीकडची माणसं. मी वर्षभर ज्यांना-ज्यांना ती गोष्ट सांगितली होती ते बहुतेक सगळे हजर. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. मी खिशातून आपट्याची पानं काढली, प्रशांतच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. लाथ सांगितली, सोयाबीन सांगितलं, चार नमस्कारसुद्धा सांगितले. "ह्याने हत्यारं दिली होती," मी म्हणालो. "मीच आंधळा होतो. प्रशांत, माफ कर."

प्रशांतने मला मिठी मारली. "भाऊजी, मी तं सांगतलं होतं, डाव्या बाजूले!" अख्खा मांडव हसत सुटला. होणाऱ्या सुनेने तर ओठांवर पदर धरला. सुनंदाने तिला कुंकू लावलं, हिरवी साडी दिली, ओटी भरली, आणि माझ्या शेजारून जाताना, वर्षभरात पहिल्यांदा विजयी मुद्रेने, हळूच म्हणाली, "म्हटलं नव्हतं का? माहा भाऊ तसा नाही."

आता दरवर्षी खंडेनवमीला ती लाल पिशवी आमच्या पाटावर सगळ्यात पुढे असते. पृथ्वीच्या गोलाच्याही पुढे. मला तिचं दर्शन घेऊ देतात, लांबून. दुसऱ्या दिवशी पूजा उठली की ती कुलपात जाते, आणि कुलपाची किल्ली चिखलीला, प्रशांतकडे.